दोन लिटर पाणी पिणारा तो माणूस कोण?

विहारात आरोग्य शिबिर लावलं की किरणांबद्दलचा एक प्रश्न ठरलेला असतो. 'ताई, सारखे एक्स-रे काढले तर कॅन्सर होतो का?' त्याचं उत्तर आम्हाला पाठ आहे. या खेपेला मात्र दहावीतल्या एका मुलाने वेगळंच विचारलं. अणुभट्टीतला कचरा जमिनीत खोल पुरतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. तो म्हणाला, 'दहा हजार वर्षांनी तो कचरा पाण्यात उतरला तर माणसाला किती किरणं लागतील, याचा आकडा म्हणे आजच काढून ठेवलाय. तो माणूस यांनी पाहिला कुठे?'

बाया हसल्या, आम्हीही हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आम्ही तिघी-चौघी परिचारिका, डोस मोजण्यातच उमेद गेली. वॉर्डात औषधाचा डोस काढताना पहिला प्रश्न असतो, पेशंट कोण? वय किती, वजन किती, बाई असेल तर पोटुशी आहे का, लेकराला अंगावर पाजते का? हे न विचारता इंजेक्शन भरणारी सिस्टर आम्ही पाहिलेली नाही. मग हजारो वर्षं पुढच्या माणसाचा डोस काढणाऱ्यांनी पेशंट कोण धरला? त्या पोराने नेमकं तेच विचारलं होतं. म्हणून आम्ही वाचायला बसलो. जे हाती लागलं ते या पानावर मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख घाबरवण्यासाठी नाही. आपल्या सगळ्यांना निसर्गाकडूनच रोज थोडीथोडी किरणं लागतात. मातीतून, हवेतून, आकाशातून, खाण्यातून. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट. छातीच्या एका एक्स-रेला ०.१ किंवा त्याहूनही कमी. पोटाच्या सीटी स्कॅनला ८ ते १०. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००६ मध्ये अंदाज दिला तो असा: १०० माणसांना प्रत्येकी १०० मिलिसीव्हर्ट लागले, तर त्या किरणांमुळे साधारण एका माणसाला कॅन्सर होईल; आणि त्याच शंभरातल्या ४२ जणांना आयुष्यात केव्हातरी दुसऱ्या कारणांनी तो होणारच असतो. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे टाळू नका. आणि अणू म्हटलं की विरोध, असंही आमचं नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद असताना देशाच्या वीज धोरणाचं काम त्यांच्याकडे होतं. वीज हवी, कारखाने हवेत, ही त्यांची भूमिका आपण जाणतो. विजेचा कचरा कुणाच्या दारात आणि कुणाच्या हिशेबावर, एवढंच आम्ही विचारतो.

हिशेब कसा करतात ते बघू. बस्तीत संडासाचा खड्डा आणि हापसा जवळजवळ असले तर आपण काय म्हणतो? खड्डा गळणार, घाण मातीतून झिरपणार, हापशाच्या पाण्यात येणार, ते पाणी पोरं पिणार, जुलाब होणार. याच पायऱ्या अणुकचऱ्याच्या हिशेबात असतात. फक्त खड्डा तीनशे-चारशे मीटर खोल, आणि काळ लाख वर्षांचा. डबा कधी गंजेल? गंजल्यावर आतलं द्रव्य पाण्यात किती विरघळेल? ते पाणी खडकाच्या फटींतून किती वर्षांत कुठवर जाईल? तिथे विहीर असेल का? त्या विहिरीचं पाणी कोण पिईल, त्यावर कोण भाजी पिकवेल, कोणाची गाय ते पिईल? शेवटी त्या माणसाच्या पोटात वर्षाला किती गेलं, आणि त्याचे मिलिसीव्हर्ट किती झाले? प्रत्येक पायरीवर अनिश्चितता असते, म्हणून संगणकावर आकडे बदलून बदलून तोच हिशेब शेकडो-हजारो वेळा करतात आणि सरासरी काढतात.

कचऱ्यातली द्रव्यंही एका स्वभावाची नसतात. सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मं होतं, त्यामुळे तीनशे वर्षं नीट राखण केली की त्याचा जोर हजारपटीने उतरतो. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली. तेवढा काळ जवळजवळ दहा वेळा मोजा, तेव्हा ते अर्धं होणार. आयोडीन-१२९ ला दीड कोटीहून जास्त वर्षं. त्यातही प्लुटोनियम मातीला चिकटून बसतं, आयोडीन मात्र पाण्याबरोबर वाहत जातं. म्हणून हिशेबात दूरच्या विहिरीत आधी आयोडीन पोचतं, प्लुटोनियम मागे राहतं.

निदान तसं मानलं जायचं. अमेरिकेतल्या नेवाडा वाळवंटात १९६८ मध्ये जमिनीखाली एक अणुस्फोट झाला, त्याचं नाव बेनहॅम. तीस वर्षांनी शास्त्रज्ञांना त्याच स्फोटाचं प्लुटोनियम १.३ किलोमीटरवरच्या भूजलात सापडलं. अगदी थोडं होतं, पण होतं. पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांना धरून ते तिथवर गेलं होतं. १९९९ मध्ये हे छापून आल्यावर हिशेबात एक नवी वाट घालावी लागली. जर्मनीतलं उदाहरण याहून मोठं आहे. आसे नावाच्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात कचऱ्याची सुमारे १ लाख २६ हजार पिंपं ठेवली. मिठाची खाण म्हणजे कोरडी जागा, असा भरवसा होता. पुढे त्या खाणीत रोज सुमारे १२ हजार लिटर खारं पाणी येऊ लागलं आणि ती पिंपं परत बाहेर काढायची असं २०१० मध्ये ठरलं. लाख वर्षांचा भरवसा अर्धं शतकही टिकला नाही. शास्त्र खोटं आहे असा याचा अर्थ आम्ही लावत नाही. चूक मान्य करून हिशेब दुरुस्त करतं तेच शास्त्र. कालाम सुत्त वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण खडकाबद्दलचं गृहीतक चुकलं तर खडक तपासून कळतं. माणसाबद्दलचं चुकलं तर?

इथे आमचा एक अनुभव सांगतो. एका रुग्णालयात आम्ही काम करत होतो. तिथल्या एक्स-रे विभागात तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असायचा, किरणं मोजणारा. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा, आकडा वहीत लिहिला जायचा. लहान लेकरू टेबलावर स्थिर राहीना की हाक कुणाला जायची? मावशीला. मावशी लेकराचे हातपाय धरून उभी राहायची. शिशाचा एप्रन एकच, तो तंत्रज्ञाच्या अंगावर. मावशीला बिल्लाही नव्हता. आम्ही एकदा वही चाळली तेव्हा त्यात मावशीचं नावच नव्हतं. म्हणजे त्या विभागाच्या हिशेबात मावशीचा डोस होता शून्य. वर्षानुवर्षं लेकरं धरून उभी राहिलेल्या बाईचा डोस शून्य, कारण तिला मोजायचं कुणाच्या मनातच आलं नाही. आम्ही तेव्हा तक्रार केली नाही, नोकरी नवी होती. त्याची टोचणी अजून आहे.

आता कागदावरच्या माणसाकडे या. किरणांचा डोस काढताना शरीर कुठलं धरायचं, यासाठी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९७५ मध्ये एक 'प्रमाण माणूस' ठरवला. वय २० ते ३०. वजन ७० किलो. उंची १७० सेंटिमीटर. राहणार कुठे, तर १० ते २० अंश सरासरी तापमानाच्या हवेत. गोरा. राहणीमान पश्चिम युरोप किंवा उत्तर अमेरिकेचं. हे आम्ही रंगवून सांगत नाही, त्या व्याख्येतच असं आहे. जगातल्या माणसांचा नमुना म्हणून हा तरणाताठा गोरा पुरुष. विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशाच्या उन्हात डोक्यावर घमेलं घेतलेली आपली ४२ किलोची बाई त्याच्यात कुठे बसते? जातीच्या समाजात वाढलेल्या आपल्याला हे नवं नाही. एका माणसाला माप ठरवायचं आणि बाकीच्यांना त्या मापापुढे कमी-जास्त म्हणायचं, हा खेळ आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलाय.

पुढे सुधारणा झाली, तीही सांगितली पाहिजे. २००२ मध्ये त्याच आयोगाने स्त्रीचं आणि वेगवेगळ्या वयाच्या मुलांचं माप दिलं. भारतीय शरीराची मापं घेण्याचं काम भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनीही केलं. तेवढाच डोस लागला तर कॅन्सरचा धोका पुरुषापेक्षा बाईला जास्त आणि लहान मुलींना सर्वांत जास्त, हे जपानमधल्या बॉम्बपीडितांच्या अभ्यासातून आता पक्कं झालंय. म्हणजे ज्या शरीराला धोका जास्त, ते मापात उशिरा आलं.

शरीर झालं, पण राहणीचं काय? हा प्रश्न नीट समजतो तो अमेरिकेतल्या यक्का डोंगराच्या हिशेबात. नेवाडातल्या या डोंगराखाली देशभरातल्या अणुभट्ट्यांचं ७० हजार टन जळकं इंधन पुरायचं असं ठरत होतं. १९८७ मध्ये तिथल्या संसदेने बाकीच्या जागा सोडून फक्त याच डोंगराचा अभ्यास करायचा कायदा केला. पर्यावरण संरक्षण संस्थेने नियम लिहिला: डोंगरापासून सुमारे १८ किलोमीटरवर, जिथे भूजलात किरणोत्सारी द्रव्य सर्वांत जास्त असेल तिथे, एक माणूस राहतो असं धरा. तो रोज विहिरीचं दोन लिटर पाणी पितो. त्याचं खाणंपिणं आजच्या अमार्गोसा व्हॅली गावातल्या लोकांसारखं आहे. या माणसाला वर्षाला ०.१५ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त लागता कामा नये. निसर्ग आपल्याला तीन आठवड्यांत देतो साधारण तेवढंच हे. मर्यादा कडक आहे, यात शंका नाही.

पण ती किती वर्षांसाठी? आधी म्हणाले, दहा हजार. विज्ञान अकादमीने मात्र १९९५ मध्येच सांगितलं होतं, की सर्वांत जास्त डोस त्याच्याही कितीतरी नंतर, हजारो-लाखो वर्षांनी येऊ शकतो. धोका जिथे चढणार तिथेच मोजपट्टी संपवायची, हा कुठला न्याय? २००४ मध्ये न्यायालयाने ती मुदत फेटाळली. मग २००८ च्या नियमात दहा लाख वर्षं आली. पण दहा हजारांनंतरच्या माणसासाठी मर्यादा ०.१५ ऐवजी १ मिलिसीव्हर्ट. नंतर जन्मणाऱ्याला जवळजवळ सातपट चालेल! हिशेबात आणखी एक गंमत होती. डब्यांवर पाणी ठिबकू नये म्हणून टायटॅनियमच्या छत्र्या बसवायच्या होत्या, पण त्या आज नाही, सुमारे शंभर वर्षांनी बोगदे बंद करताना. म्हणजे पणतवंडांनी करायचं काम झालंच आहे असं धरून आजचा आकडा काढलेला. घराच्या हिशेबात असं कुणी लिहिलं तर आपली आजी वही फेकून देईल.

अमार्गोसा व्हॅलीचा शेतकरी हिशेबात आला, ते ठीक. पण तो डोंगर मुळात कुणाचा? पश्चिम शोशोनी या आदिवासींचा. १८६३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्यांच्याशी रूबी व्हॅलीचा करार केला. त्यात आम्ही वाट दिली, जमीन दिली नाही, असं शोशोनी आजही सांगतात. पुढे सरकारने जमिनीची भरपाई म्हणून कोट्यवधी डॉलर ठरवले. गरीब लोक, पण त्यांनी ते पैसे घ्यायचं नाकारलं. जमीन विकलीच नाही तर किंमत कशाची, हा त्यांचा सवाल. डेथ व्हॅलीतले तिंबिशा शोशोनी त्याच बाजूला वाहत येणाऱ्या भूजलाच्या झऱ्यांना पवित्र मानतात. पाणी म्हणजे रोजचे दोन लिटर, एवढाच ज्याचा हिशेब, त्याच्या कागदात हे झरे कुठल्या रकान्यात बसणार?

राहणी चुकीची धरली की आकडा कसा चुकतो, याचा दाखला याच मुलखात आहे. तो पुरलेल्या कचऱ्याचा नाही, अणुस्फोटांच्या राखेचा आहे. पण डोस काढायची रीत तीच. नेवाडात १९५०-६० च्या दशकांत बॉम्बच्या चाचण्या झाल्या, वाऱ्याबरोबर राख गावांवर पडली. नंतर सरकारने कुणाला किती किरणं लागली याचा हिशेब केला. त्यात दूध कुठल्या गाईचं, गाई केव्हा चरायला सोडतात, भाजी कुठली, हे सगळं गोऱ्या पशुपालकांच्या चालीरीतीने धरलं होतं. २००० मध्ये काही संशोधकांनी आदिवासी लोकांबरोबर बसून तो हिशेब तपासला. आदिवासी घरात ससे खाल्ले जात. किरणोत्सारी आयोडीन प्राण्याच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं, आणि सशाची ती ग्रंथीही पोटात जायची. सरकारी हिशेबात ही वाटच नव्हती. १९६२ च्या सेदान नावाच्या स्फोटाचं उदाहरण घेऊन त्यांनी दाखवून दिलं, की ही वाट धरून डोस काढता येतो. अवघड काहीच नव्हतं. फक्त त्या लोकांना विचारायला हवं होतं, तुम्ही काय खाता?

हे वाचताना आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आपल्या ताटात काय असतं? वजडी, मुंडी, पाया, काळीज, सुकट, बोंबील. स्ट्रॉन्शियम हाडात साठतं, आयोडीन थायरॉइडमध्ये, प्लुटोनियम काळजात आणि हाडात. हाडांचा रस्सा तासन्‌तास उकळून पिणाऱ्या घराचा हिशेब आणि फक्त दूध-भाजी खाणाऱ्या घराचा हिशेब एकच कसा निघेल? आपल्या खाण्याची ज्यांनी वर्षानुवर्षं नाकं मुरडली, ते हिशेबाच्या यादीत ते खाणं आपण होऊन लिहितील, यावर आमचा भरवसा नाही.

विचारण्याचं म्हणाल तर फिनलंडने ते केलं. तिथे ओल्किलुओतो बेटावर, ओंकालो नावाच्या बोगद्यात, सव्वाचारशे मीटरच्या आसपास खोल कठीण खडकात तांब्याच्या डब्यांमध्ये इंधन ठेवायची तयारी झाली आहे. पण त्याआधी कायद्याने युराजोकी या गावाला 'नको' म्हणायचा पूर्ण अधिकार होता. २००० मध्ये गावाच्या सभेत २० विरुद्ध ७ मतांनी होकार आला, मगच पुढचं काम. सात जणांनी नकार दिला, तोही नोंदलेला आहे. नेवाडात काय झालं? २००२ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने नकार दिला, संसदेने तो मोडून काढला. शोशोनींना तर मोडण्यासारखा नकारही कुणी दिला नव्हता. शेवटी २०१० मध्ये सरकारनेच हात आखडता घेतला. त्या डोंगरात आजवर कचऱ्याचा एकही डबा गेलेला नाही. वर्षानुवर्षांचे आणि अब्जावधी डॉलरचे हिशेब कागदावर राहिले, कारण लोकांची संमतीच नव्हती.

आता आणखी एक माणूस, जो हिशेबात चोरासारखा येतो. त्याला ते 'मानवी घुसखोरी' म्हणतात. पुढे कधीतरी कुणी अजाणता खणलं तर काय? यक्काच्या नियमात हा माणूस पाणी शोधायला बोअर मारतो आणि त्याचं यंत्र थेट डब्यातून आरपार जातं, असं धरलंय. बोअर मारणारा म्हणजे यंत्र, गाडी, पैसा असलेला माणूस. प्रत्यक्षात डबे उघडणारे हात कुणाचे असतात, हे जगाने पाहिलेलं आहे. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ मध्ये एका बंद पडलेल्या कॅन्सर दवाखान्यात किरणांचं यंत्र तसंच सोडून दिलेलं होतं. दोन गरीब माणसांनी भंगार म्हणून त्याचा भाग काढून नेला आणि विकला. आतली सीझियमची पूड अंधारात निळी चमकायची. भंगारवाल्याने ती नातेवाइकांना वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीने ती अंगाला फासली, तेच हात लावून जेवली. चार जण गेले, त्यात ती मुलगी होती. एक लाखाहून जास्त लोक तपासावे लागले, २४९ जणांना ते लागलेलं निघालं. तिच्या दफनाला लोकांनी दगड मारले. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात तसंच झालं. विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-६० भंगारवाल्यांच्या हाती आलं, एक कामगार मेला, आणखी काही जण होरपळले. कचरा वेचणाऱ्या, पत्रा फोडणाऱ्या बहिणी आपल्या प्रत्येक बस्तीत आहेत. घुसखोर हा शब्द आम्हाला म्हणून सलतो. पोटासाठी दुसऱ्याने टाकलेलं उचलणारी बाई घुसखोर, आणि न सांगता टाकून जाणारा कोण?

यावर उत्तर म्हणून तज्ज्ञ सांगतात, जागेवर पक्की निशाणी लावू, म्हणजे हजारो वर्षांनीही कुणी खणणार नाही. या बाबतीत आपला अनुभव त्यांच्यापेक्षा जुना आहे. सम्राट अशोकाने लेख दगडात कोरले ते टिकावे म्हणूनच. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचा स्तंभ दिल्लीला आणला तेव्हा त्यावरची अक्षरं वाचणारा एकही पंडित मिळाला नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कुठे अशोक पुन्हा बोलला. मधे हजार वर्षांहून जास्त काळ दगड मुका होता. नाशिकची त्रिरश्मी लेणी तर दोन हजार वर्षांचीसुद्धा जेमतेम. आत भिक्षुसंघाला दिलेल्या दानाचे लेख स्पष्ट कोरलेले, तरी लोकांच्या तोंडी नाव पांडवलेणी! दगड जागेवर राहिला, अर्थ बदलला गेला. मग दहा हजार वर्षांनी 'इथे खणू नका' या पाटीचं कोण काय करील, कुणी सांगावं. एखादा तिथे शेंदूरही फासेल.

आपल्या दाराशी या. महाराष्ट्रात तारापूर आणि तुर्भे इथे अणुकेंद्रं आहेत. भारतात जळकं इंधन तसंच पुरत नाहीत. त्यातून प्लुटोनियम-युरेनियम वेगळं काढतात आणि उरलेला जहाल भाग काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात. तारापूरला असे डबे थंड राखण्यासाठी खास साठवणगृह आहे. सौम्य कचऱ्यासाठी केंद्रांच्या आवारातच जमिनीलगत काँक्रीटचे चर आहेत. खोल पुरण्याची जागा भारतात अजून ठरलेली नाही. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत त्यासाठी प्रयोग झाले, एवढंच. प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण तपासणारी प्रयोगशाळा आहे, ती पाणी, दूध, मासे, भाजी तपासते, आणि कुंपणालगतच्या माणसाला लागणारा डोस १ मिलिसीव्हर्टच्या मर्यादेहून खूपच कमी असल्याचे आकडे देते. ते आकडे खोटे आहेत असं म्हणायला आमच्याकडे काही आधार नाही, आणि आधाराशिवाय आम्ही बोलणार नाही. आमचा सवाल तोच, त्या मुलाचा. कुंपणालगतचा माणूस म्हणजे नक्की कोण धरलाय?

कारण कुंपणालगतच्या माणसांचं काय होतं, हे मुंबईने पाहिलंय. तुर्भ्याच्या अणुकेंद्राशेजारी जनता कॉलनी होती. शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या लोकांनाच आधी तिथे वसवलेलं. आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात, ती पाडली आणि हजारो माणसं चिता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. जागा केंद्राला हवी होती. त्या माणसांना आधी कुणी विचारलं नव्हतं, उठवतानाही विचारलं नाही. मोजणं तर दूरच.

खोल जागा ठरायची आहे, म्हणजे भारताच्या त्या हिशेबातला माणूसही अजून ठरायचा आहे. म्हणून आम्ही आत्ताच बोलतोय. जागा ठरल्यावर, नकाशा छापल्यावर, पोलीस उभे राहिल्यावर बोलून उपयोग नसतो. आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. डोस कुणासाठी काढला त्या माणसाचं वय, लिंग, वजन, काम, पाणी, खाणं हे मराठीत, साध्या भाषेत जाहीर करा. तो एकच माणूस नको. गरोदर बाई धरा, पाच वर्षांची मुलगी धरा, भंगार फोडणारा धरा, डोंगरावरचा कातकरी धरा, खाडीतला कोळी धरा. यादी करताना त्या घरांत येऊन बसा, चहा प्या, चूल बघा. आणि ज्या गावात पुरायचं त्या गावाला युराजोकीसारखा नकाराचा हक्क द्या, त्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीचं मत वेगळं मोजा. ग्रामसभेत हात कोण वर करतं आणि कोण मागे उभं राहतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तोवर आम्ही आमची यादी सुरू केली आहे. रविवारच्या वंदनेनंतर त्या दहावीच्या मुलाला सोबत घेऊन घरोघरी जातो. एक लिटरची बाटली, एक वही. कोण किती पाणी पितं, कुठलं पितं, आठवड्यात काय शिजतं. पहिल्याच घरी बिगारी काम करणाऱ्या एका ताईने उन्हाळ्यातल्या एका दिवसाचं पाणी मोजून दाखवलं. सकाळपासून रात्रीपर्यंत पाच बाटल्या आणि वर थोडं. मुलाने वहीत आकडा लिहिला आणि शेजारी तो दोन लिटरवाल्याचा आकडाही लिहून ठेवला. पुढच्या रविवारी मागची गल्ली घेणार आहोत. ज्या विहारांना आपल्याकडे अशी वही सुरू करायची असेल, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं.